पुस्तकावर कप ठेवा

मी एक जुनी बाजारगाडी आहे. दोन चाकं, वाकवलेला लोखंडी दांडा आणि त्यावर चौकड्यांच्या कापडाची उभी पिशवी, एवढाच माझा संसार. इस्राएलमध्ये मला अगाला म्हणतात. रामला गावच्या बाजारात जा, माझ्या जातीच्या खंडीभर दिसतील. प्रत्येकीच्या पुढे एक ओढणारी बाई आणि प्रत्येकीतून डोकावणारी कांद्याची पात. आमच्यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नसतं. पण मित्रांनो, माझ्या पिशवीतून एक अख्खं नगर वाहिलं गेलं आहे, तेही समुद्राखालचं. म्हणून जरा वेळ मागते आहे.

माझा जन्म पेताह तिक्वाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळी वाकवली, निळा रंग दिला, चाकं ठोकली, पिशवी शिवून अडकवली. दुपारच्या जेवणाच्या आत मी जगात आले. ज्या माणसानं मला घडवलं त्यानं मला जमिनीवर एकदा आपटून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." आईबापांनी मुलाबद्दल याहून जास्त काय म्हणायचं!

रामल्याच्या बाजारात मला एलिझाबेथ झिराडकर यांनी विकत घेतलं. सगळे त्यांना एलिझाबाई म्हणत, मीही तेच म्हणेन. त्यांनी मला तीनदा गोल फिरवलं, खाली वाकून कान लावला आणि विकणाऱ्याला म्हणाल्या, "हिचं डावं चाक कुरकुरतंय."

"नवी आहे, गव्हेरेत," तो म्हणाला. गव्हेरेत म्हणजे बाईसाहेब. "नवी नवरी लाजते तशी लाजतेय."

एलिझाबाई हसल्या आणि मी त्यांची झाले. चाक मात्र पुढे वर्षभर लाजत राहिलं.

एलिझाबाई मूळच्या ठाण्याच्या. सासरचं गाव अलिबागजवळचं झिराड. तिथे त्यांच्या सासऱ्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कोकणातल्या या ज्यू मंडळींना बेने इस्राएल म्हणतात. त्यांच्यातले बरेच लोक पुढे इस्राएलला आले, तसे एलिझाबाई आणि त्यांचे यजमान रूवेनही आले. बाई दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना डॉक्टरांच्या वेळा देत. रूवेन लोदच्या विमानतळावर यंत्रांची देखभाल करत. माझ्या चाकांना पहिलं तेल त्यांनीच घातलं. "चाक ते चाक," ते म्हणाले, "विमानाखालचं असो नाहीतर वांग्याखालचं."

सुरुवातीची वर्षं मी कोथिंबीर, नारळ, हिरव्या मिरच्या आणि कागदात गुंडाळलेली मासळी वाहिली. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी पायरीपायरीवर ठक्क करत असे आणि आत ऑर्लीला कळे की आई आली. ऑर्ली ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती हिब्रूत देई. आई एका भाषेत रागावे, मुलगी दुसऱ्या भाषेत रुसे, आणि भांडण मात्र अगदी व्यवस्थित होई.

मग एक्याण्णव साली युद्ध आलं. इराकमधून क्षेपणास्त्रं येत होती आणि त्यात विषारी वायू असेल अशी सगळ्यांना भीती होती. घरोघरी एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि डबे माझ्यात भरून मलाही त्या खोलीत ठेवलं होतं. भोंगा वाजला की तिघंही आत येत आणि तोंडावर मास्क चढवत. छोटी ऑर्ली मास्क घालायलाच तयार नसे.

"घाल, म्हणजे गोष्ट सांगते," एलिझाबाई एकदा म्हणाल्या. ऑर्लीनं मास्क घातला. बाईंनी आपल्या लोकांची सगळ्यांत जुनी गोष्ट काढली. "फार फार पूर्वी आपल्या लोकांचं जहाज कोकणात नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बाया पोहून काठाला लागल्या. त्यांच्यापासून आपण सगळे झालो."

मास्कमधून घुमत हिब्रू प्रश्न आला, "आणि बाकीचे?"

"बाकीचे बुडाले."

"बुडून कुठे गेले?"

एलिझाबाईंनी तिच्या मास्कचा पट्टा नीट केला. ही गोष्ट त्यांनी आईकडून ऐकली होती. ठाण्याला बायकांच्या कीर्तनात ती गायलीही होती. पण आजवर कोणीच बाकीच्यांची चौकशी केली नव्हती. जे वाचले त्यांचीच गोष्ट सगळे सांगत आले होते.

"खाली गेले," त्या शेवटी म्हणाल्या. "खाली एक नगर आहे. तिथे एक मोठा ऑक्टोपस त्यांचा तेलाचा घाणा फिरवतो. शनिवारी तोही सुट्टी घेतो, आणि म्हणून त्या दिवशी तिथे भरती-ओहोटी थांबते. जहाजाचा तांडेल, सगळ्या खलाशांचा मुखिया, तिथेच राहतो. खारं पाणी जाऊन त्याचे डोळे गेलेत, पण समुद्रातले सगळे रस्ते त्याला पाठ आहेत."

"नू?" ऑर्ली म्हणाली. म्हणजे, मग पुढे?

तिथून जे सुरू झालं ते कोणाला थांबवता आलं नाही. त्या गोष्टीत एलियाहू हन्नाबीही आले. हे बेने इस्राएलांचे लाडके प्रेषित. कोकणात अलिबागजवळच्या खंडाळा गावच्या खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या आहेत असं आमची माणसं मानतात. मीही चाकांच्या जातीतली, त्यामुळे या भागाला माझा ऊर भरून येई. गोष्टीत त्यांचा रथ समुद्रावरून जाई आणि खालच्या नगरातल्या लोकांना वर पाण्यावर दोन चमकत्या रेघा दिसत. रोज भोंगा थांबेपर्यंत गोष्ट चाले आणि नेमकी भलत्याच ठिकाणी तुटे.

युद्ध संपलं. खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या. ऑर्ली शाळेत जाऊ लागली आणि गोष्ट विसरली. एलिझाबाई विसरल्या नाहीत. त्यांनी लिहायला घेतलं. त्यांनी लिहायचं शिक्षण कुठे घेतलं नव्हतं. कांदा चिरता चिरता त्या वाक्य मोठ्यानं म्हणून पाहत आणि बेचव वाटलं तर बदलत. रूवेन रात्रपाळीहून आले की विचारत, "आज समुद्रात काय झालं?" आणि जेवता जेवता ऐकून घेत. नापसंती त्यांनी एकदाच दाखवली. "ऑक्टोपसला सुट्टी मिळते," ते म्हणाले, "मला शनिवारी ओव्हरटाइम लागलाय."

अशी कितीतरी वर्षं गेली. पुस्तक लिहून झालं. त्याचं नाव ठेवलं 'बुडालेल्यांचं नगर'. बाईंनी मुंबईच्या एका प्रकाशकाला फोन लावला. तो सज्जनपणे म्हणाला, "छान आहे हो, पण आमच्या वाचकाला हे परकं वाटेल. तुम्ही तिकडेच छापा ना." मग तेल अवीवच्या एका प्रकाशिकेला विचारलं. ती म्हणाली, "मराठी? इथे कोण वाचणार? तिकडे छापा."

एलिझाबाईंनी फोन ठेवला. "अहो, हे म्हणतात तिकडे, ते म्हणतात तिकडे. तिकडे म्हणजे कुठे? समुद्रात?"

"समुद्रात वाचक आहेत तुझे," रूवेन म्हणाले.

"वर पण असतील. आणि जे आहेत ते म्हातारे होत चाललेत. मराठी वाचणारा शेवटचा माणूस जायच्या आत हे पुस्तक वाचलं गेलं पाहिजे. मीच छापते."

मित्रांनो, एवढं एकच त्यांना हवं होतं. पुस्तक वाचलं जावं. बक्षीस नको, सत्कार नको. आणि ते किती अवघड निघालं ते आता ऐका.

पेताह तिक्वाला योराम नावाचा एक छापखानेवाला होता. माणूस प्रामाणिक, हात सफाईदार, पण मराठीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. एलिझाबाई स्वतःच संगणकावर मराठी टंकायला शिकल्या होत्या. त्यांनी पानन् पान तपासून त्याच्या हवाली केलं आणि बजावलं, "योराम, हे यहुदी पुस्तक आहे बरं का. आमच्या लोकांच्या जुन्या कथांचं. नीट मन लावून करा."

"सिम्खी अलाय," योराम छातीवर हात ठेवून म्हणाला. म्हणजे, निश्चिंत राहा, मी आहे ना.

पुस्तकं आणायला बाई मला घेऊन बसनं गेल्या. मला पुसून काढलं होतं, पिशवी धुतली होती. योरामनं एक प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपल्या सवयीनं ती डावीकडून उघडली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: समाप्त.

त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. मुखपृष्ठ पाठीमागे होतं. शिवण उजव्या बाजूला होती. हिब्रू पुस्तक जसं उजवीकडून उघडतं, तसं हे मराठी पुस्तक बांधलं होतं. पानं सगळी सुबक, ओळी सगळ्या सरळ, आणि गोष्ट भलत्या दारातून सुरू होत होती.

"योराम, हे काय केलंत!"

"काय झालं?"

"हे डावीकडून उघडायला हवं!"

"यहुदी पुस्तक डावीकडून?" योराम खरोखर घाबरला. "गव्हेरेत, तुम्हीच तर सांगितलंत, यहुदी पुस्तक आहे, नीट करा. मी नीट केलं."

शिवण उसवून परत बांधायची तर कडेला कागदच उरला नव्हता. योराम बिचारा खुर्चीवर बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "मी हे कसं भरून देऊ?" एलिझाबाईंनी त्यालाच पाणी दिलं. मग मला दाबून भरलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कागद बटाट्यांपेक्षा जड असतो.

आम्ही बसनं परतलो. जिन्याखाली आल्यावर दांडा घट्ट धरून म्हणाल्या, "उजवीकडून तर उजवीकडून. वाचायचं असलं तर माणूस कुठूनही आत शिरतो."

रामल्याच्या समाजमंदिरात चहा-चिवड्याचा छोटा समारंभ झाला. म्हातारी मंडळी झाडून आली. आणि तिथे एक नवलच घडलं. कोणी तक्रारच केली नाही! बेने इस्राएलांकडे जुनी प्रार्थनापुस्तकं असतात, हिब्रू मजकूर आणि शेजारी मराठी अर्थ. ती सगळी उजवीकडूनच उघडतात. तेव्हा मराठी अक्षरांचं, उजवीकडून उघडणारं, एलियाहू हन्नाबींच्या रथाचं चित्र असलेलं पुस्तक हातात येताच त्यांनी जे करायचं तेच केलं. ओठांना लावलं, डोळ्यांना लावलं आणि पदराआड, कोटाच्या खिशात जपून घरी नेलं.

सगळ्यांत जास्त कौतुक केलं नाथान अंकलनी. हे लोदला एकटे राहणारे वयोवृद्ध गृहस्थ. तरुणपणी मुंबईच्या बंदरात नोकरी केलेली. बोलणं अजून त्याच काळातलं, मधे मधे इंग्रजी फोडणीचं. "फर्स्ट क्लास काम केलंस पोरी," ते म्हणाले. "समाजाचं नाव काढलंस."

एलिझाबाईंना वाटलं, जिंकलं. एक महिना गेला. दोन गेले. बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या खिडकीत जो भेटेल त्याला त्या विचारत, "वाचलंत का?"

"अगं, अगदी वर ठेवलंय. काचेच्या कपाटात."

"आमच्याकडे कोणी हात लावत नाही त्याला. हात धुतल्याशिवाय तर नाहीच."

"सणाला काढू."

पुस्तकाला एवढा मान मिळाला की ते उघडायची कोणाची छाती होईना. आणि नवीन कोण घेणार? ज्यांच्या घरी देवाचं पुस्तक आहे त्यांना दुसरं कशाला? उरलेले गठ्ठे इमारतीच्या तळघरातल्या मिक्लातमध्ये, म्हणजे बाँबपासून लपायच्या खोलीत, जाऊन बसले. शेजारी मलाही ठेवलं, कारण आता रूवेन मोटारीनंच भाजी आणत. अंधारात तीन हिवाळे मी त्या गठ्ठ्यांना टेकून उभी होते. माझ्या चाकाला गंज चढला. पुस्तकांना चढला नाही, पण तेही काही फार बरं नव्हतं. आत नगरभर माणसं आणि बाहेर दिवा लावणारा कोणी नाही.

दोन हजार तीन साली पुन्हा युद्धाची बातमी आली. पुन्हा इराक. पुन्हा सगळीकडे सूचना, मिक्लात मोकळे करा. आमच्या इमारतीच्या समितीची प्रमुख होती अदिना. बोलायला कडक, पण शेजारधर्माला पहिली.

"एलिझाबेथ, गुरुवारपर्यंत खाली मला जमीन दिसली पाहिजे," ती म्हणाली. "पोरांना कुठे बसवू मी, तुझ्या पुस्तकांवर?"

"बसव की. निदान कोणीतरी त्यांच्या जवळ जाईल."

"मी चेष्टा करत नाहीये. गुरुवारी जे उरेल ते रस्त्यावरच्या रद्दीच्या पेटीत."

ऑर्ली तेव्हा सैन्यात होती, दोन दिवसांच्या रजेवर घरी आलेली. गठ्ठे ओढायला तीच खाली आली. एका खोक्यावर बसून ती हिब्रूत म्हणाली, "इमा, जाऊ दे ना. कोण वाचणार हे? मला तर वाचताही येत नाही." इमा म्हणजे आई.

"शिकवत होते तेव्हा पळालीस."

"तेव्हा तू गोष्ट सारखी अर्ध्यावर सोडायचीस." ती जरा थांबली. "तो आंधळा तांडेल. त्याचं शेवटी काय झालं?"

एलिझाबाईंनी मुलीकडे पाहिलं. पुस्तक छापल्यापासून त्या गोष्टीबद्दल कोणीतरी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. उत्तर त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या आणि रूवेनना हाक मारली. "अहो, हिच्या चाकांना तेल घाला. एकही प्रत पेटीत जाणार नाही. आणि आता एकही कपाटात जाणार नाही."

त्या दिवसापासून मी परत रस्त्यावर आले. पहिलं घर नाथान अंकलचं. लोदच्या बसमध्ये मी एवढी भरलेली होते की ड्रायव्हरनं विचारलं, "आत सासू आहे का?"

अंकलनी दार उघडलं. पायात लोकरीचे मोजे, हातात आल्याच्या चहाचं पातेलं. "ये पोरी, ये, अगालासकट ये." त्यांनी चहा गाळला आणि काचेच्या कपाटातून पुस्तक अलगद काढलं, ओठांना लावून टेबलावर ठेवलं. "बघ. एक डाग नाही."

"तेच तर दुःख आहे, अंकल. वाचलंत का?"

"सणाला काढीन म्हणतो."

"यात तेलाचा घाणा फिरवणारा ऑक्टोपस आहे. तो कुठल्या सणाला वाचतात?"

"ऑक्टोपस?" अंकलनी चष्मा वर केला. "पवित्र पुस्तकात ऑक्टोपस?"

"पवित्र नाहीये ते! गोष्ट आहे. मी रचलेली. पदरची."

"मग उजवीकडून का उघडतं?"

"छापणाऱ्याची चूक झाली!"

"छे छे. एवढं देखणं काम, चूक कशी असेल? तू विनयानं बोलतेस."

एलिझाबाईंनी एक मोठा श्वास घेतला. समोरचा वाफाळता कप बशीतून उचलला आणि थेट पुस्तकावर ठेवला. मुखपृष्ठावर. बरोबर रथाच्या चित्रावर.

अंकल अर्धे उभे राहिले. "अगं, अगं! काय करतेस! वरती बघतोय तो!"

"बघू दे. त्याला ठाऊक आहे हे कोणी लिहिलंय."

त्यांनी कप उचलला. खाली एक गोल, तपकिरी, ओला डाग उमटला होता. ज्या बाईनं पानन् पान तपासून छापायला दिलं होतं, तिनंच तो डाग पाडला होता.

"आता ओठांना लावा बरं," त्या म्हणाल्या.

अंकलनी पुस्तक जवळ नेऊन पाहिलं. "आता तर आल्याचा वास येतोय."

"झालं तर मग. आता ते देवाचं राहिलं नाही. आता वाचा. अंथरुणात वाचा, जेवताना वाचा, पान दुमडा. आवडलं नाही तर मला येऊन शिव्या द्या. पण वाचा."

त्या दिवसांत रामल्यात आणि लोदमध्ये आम्ही घरोघरी हेच केलं. दार उघडलं की बाई आधी चहा मागत. मग कपाटातलं पुस्तक काढायला लावत, त्यावर कप ठेवत. एका घरी तर चिवड्याची बशी ठेवली. एका काकूंनी कानांवर हात ठेवले, दुसऱ्या काकूंनी हसत हसत स्वतःच कप ठेवला. ज्यांच्याकडे पुस्तक नव्हतं त्यांना नवी प्रत मिळे, डागासकट. बातमी आमच्यापुढे धावू लागली. "एलिझाबेथ येतेय, आधण ठेवा!" बुधवारी लोदच्या चौकात माझं डावं चाक ओझ्यानं निखळलं. रूवेननी कोणीतरी टाकून दिलेल्या बाबागाडीचं चाक आणून मला बसवलं. तेव्हापासून मी एका बाजूला थोडी लंगडते. गुरुवारी संध्याकाळी अदिना तळघरात उतरली तेव्हा तिला स्वच्छ जमीन दिसली.

मग शांतता. युद्ध आमच्यापर्यंत आलं नाही. फोनही कोणाचा आला नाही. एलिझाबाई खिडकीत बसून वेळा देत राहिल्या. "लोकांनी डाग पुसून परत कपाटात ठेवलं असेल," त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या.

वल्हांडण, म्हणजे यहुद्यांचा वसंतातला मोठा सण, होऊन गेल्यावर एका सकाळी आम्ही बाजारात होतो. ऑर्लीही बरोबर होती. एलिझाबाई वांगी दाबून पाहत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब! थांब तू!"

नाथान अंकल होते. लोदहून बसनं आले होते, एकटे. बगलेत पुस्तक. त्याची पानं फुगलेली, कडा पिवळ्या झालेल्या, मधे बसचं तिकीट खोचलेलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तू त्याला का मारलंस?"

"कोणाला, अंकल?"

"कोणाला काय! तांडेलाला! आंधळा माणूस, सगळ्यांना वाट दाखवणारा, आणि तू त्याला सरळ बुडवलंस? अगं, तो आधीच बुडालेला होता! एकदा बुडालेल्या माणसाला परत बुडवतात का?"

वांगीवाला वांगी ठेवून ऐकू लागला. त्याला मराठी येत नव्हतं, पण भांडण कळत होतं.

"त्याला जावं लागलं, अंकल. त्यानं वाट मोकळी केली नसती तर नगराचं दार उघडलं नसतं."

"ते मला ठाऊक आहे! वाचलंय मी! दोनदा वाचलंय! शेजारच्या शिमशोनच्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, तीही रडली. परत आण त्याला. एलियाहू हन्नाबी कशाला आहेत मग? रथ पाठव!"

"नाही," एलिझाबाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "तो गेला."

आणि मग दुसरीकडून हिब्रूत आवाज आला. "गेला? इमा, तू तांडेलाला मारलंस?" ऑर्लीचे डोळे भरले होते. लष्करी गणवेशातली मुलगी, पण त्या क्षणी ती मला अगदी त्या बंद खोलीतल्या एवढी दिसली. "इतकी वर्षं मला वाटत होतं तो तिथे आहे!"

एलिझाबाईंनी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला. दोन माणसं भर बाजारात त्यांच्यावर ओरडत होती आणि त्या रडत होत्या, पण असं आनंदानं रडताना मी कोणाला पाहिलं नाही.

अंकल जरा शांत झाले. पुस्तक मिटून म्हणाले, "ठीक आहे. लेखिका तू. गेला तर गेला. पण मग त्याच्या नावानं मलिदा कर."

मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा जुना विधी. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, खजूर आणि फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबींचं नाव घेतात. नवस फेडायला करतात, आनंदात करतात, आणि गेलेल्या माणसासाठीही करतात.

"अंकल, तो खरा नव्हता," एलिझाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्याला मी नावसुद्धा दिलं नाही."

"जे सात पुरुष नि सात बाया वाचल्या, त्यांची नावं तुला ठाऊक आहेत?"

"नाही."

"मग? आपण आहोत ना तरी. आणि जे बुडाले त्यांच्यासाठी आपण आजवर एक खजूर ठेवला नाही. कर मलिदा. मी येतो."

त्याच बाजारातून मी पोहे, नारळ आणि खजूर घरी नेले. ऑर्लीनं मला जिन्यावरून वर ओढलं. दोन दिवसांनी रामल्याच्या त्या छोट्या घरात एवढी माणसं जमली की मला दाराबाहेर उभं राहावं लागलं. प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक होतं, कोणाचं तुपकट, कोणाचं हळदीच्या बोटांचं, कोणाचं कव्हर सुटलेलं. ताट मांडलं. अंकलनी सुरुवात केली. समुद्रात गेलेल्या सगळ्यांसाठी, ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी, आणि एका तांडेलासाठी. आत गाणं सुरू झालं. मी खालच्या फटीतून पावलं पाहत होते. सगळी पावलं एका तालात हलत होती. ऑर्लीची सुद्धा.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुस्तकाच्या प्रती राहिल्या नाहीत. सगळ्या वाचून, उसवून, हातोहात फाटून गेल्या. एलिझाबाई म्हणतात, पुस्तकाला याहून चांगलं मरण नाही. त्यांचे गुडघे आता दुखतात. घरातले म्हणतात, अगाला आता ठेवून देऊ, आठवण म्हणून, गच्चीच्या कोपऱ्यात, वर कापड टाकून. प्रेमानंच म्हणतात. पण कापडाखाली काय होतं ते मला ठाऊक आहे. तिथे गंज चढतो, आणि लोक म्हणतात, बघा, किती जपलंय.

तुमच्याही घरी असं काहीतरी जपलेलं असेल. एखादं पुस्तक, एखादं वाद्य, आजीच्या तोंडची एखादी गोष्ट, जिला कोणी हात लावत नाही. त्याच्यापाशी जा. ते वापरा, हाताळा, मळवा. त्याच्याशी भांडावंसं वाटलं तर भांडा. आणि माझ्याविषयी विचाराल तर, मला कोपऱ्यात उभी करून माझं कौतुक करू नका. एक चाक बाबागाडीचं असलं तरी मी चालते. दांडा धरा आणि निघा.